पाच हजार चारशे भांडी

यहुदी धर्मग्रंथांत एज्राचे पुस्तक आहे. त्याच्या पहिल्याच अध्यायाच्या शेवटी सामानाची एक यादी येते. सोन्याची तबके ३०, चांदीची तबके १,०००, सुऱ्या २९, सोन्याचे कटोरे ३०, दुसऱ्या प्रतीचे चांदीचे कटोरे ४१०, इतर भांडी १,०००. खाली एकूण आकडा दिला आहे ५,४००. वाचकाने कागद घेऊन स्वतः बेरीज केली तर ती २,४९९ भरते. अर्ध्याहून जास्त भांडी यादीत नाहीत, पण एकूण आकड्यात आहेत! याच मजकुराचे एक ग्रीक रूप 'पहिला एस्द्रास' या नावाने ओळखले जाते. त्यात सोन्याची भांडी हजारावर गेली आहेत, चांदीचे कटोरे २,४१० झाले आहेत आणि एकूण आकडा ५,४६९ आहे. तिथे बेरीज बिनचूक जुळते. दप्तरात काम केलेल्या कोणालाही विचारा, तो सांगेल की इतका चोख जुळणारा कागद कोणीतरी मागाहून बसून जुळवलेला असण्याचा संभव अधिक. न जुळणारा कागद जुना. नकला करणाऱ्यांच्या हातांतून घासत घासत तो आपल्यापर्यंत आला आहे.

ही भांडी हजरत सुलेमान (अ.) यांनी जेरुसलेममध्ये उभारलेल्या प्रार्थनागृहाची म्हणून ओळखली जात. बाबिलचा बादशहा नबुखद्नेस्सर याने ती लुटून नेली. पुढे इराणच्या कुरुशने, ज्याला ग्रीकांमुळे जग सायरस म्हणते, बाबिल जिंकले आणि इ. स. पू. ५३८ च्या सुमारास ती परत केली. एज्राच्या यादीत देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे, दोघांचेही नाव आहे. देणारा शाही खजिनदार मिथ्रदाथ, घेणारा यहुदाचा सरदार शेशबस्सर. मिथ्रदाथ म्हणजे मिथ्र देवाने दिलेला. शेशबस्सर हे नाव तर बाबिली वळणाचे आहे आणि त्यात शमश या सूर्यदेवाचे नाव दडले आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. एकेश्वरवाद्यांच्या प्रार्थनागृहाची भांडी मोजून देणारा मिथ्राच्या नावाचा आणि मोजून घेणारा शमशच्या नावाचा! ग्रंथकाराला यात काही वावगे वाटले नाही. खजिनदार या अर्थी त्याने वापरलेला शब्दसुद्धा मूळचा इराणी आहे. ज्या 'गंज'वरून तो झाला, तोच अरबीत जाऊन 'कंज' झाला, असे भाषाशास्त्रज्ञांचे म्हणणे आहे.

आपल्या वाचकांना नबुखद्नेस्सर हे नाव अपरिचित वाटले तरी बुख्त नस्सर परिचित असेल. सूरह बनी इस्राईलच्या आरंभी बनी इस्राईलने पृथ्वीवर दोनदा फसाद माजवल्याचा आणि त्यांच्यावर बलाढ्य लोक पाठवले गेल्याचा उल्लेख आहे. कुरआनात त्या आक्रमकांचे नाव नाही. मुफस्सिरांनी तिथे बुख्त नस्सरचे नाव घातले आणि मग त्याच्याभोवती कथा वाढत गेली. इमाम तबरी यांनी आपल्या तफसिरीत या ठिकाणी हजरत हुजैफा यांच्या नावाने आलेली एक लांबलचक रिवायत नोंदवली आहे. तिच्यानुसार बुख्त नस्सरने बैतुल मुकद्दसचे अलंकार १,७०,००० गाड्यांवर लादून बाबिलला नेले. पुढे फारसच्या कुरुस नावाच्या बादशहाने बनी इस्राईलची सुटका केली आणि ते अलंकार परत पोचवले. हा कुरुस मोमिन होता, असेही रिवायत सांगते.

एक लाख सत्तर हजार गाड्या! यादीत तर सगळी मिळून पाच हजार चारशे भांडी आहेत. इथे इब्ने कसीर यांची आठवण होते. चौदाव्या शतकातल्या या मुफस्सिरांनी ही रिवायत बनावट असल्याचे स्पष्ट लिहिले. तबरींसारख्या थोर इमामांनी ती कशी घेतली याचे त्यांना नवल वाटले, आणि आपले उस्ताद हाफिज मिज्जी यांनीही ती खोटी ठरवल्याचे त्यांनी नमूद केले. चिकित्सा ही पाश्चात्त्यांकडून उसनी आणलेली गोष्ट आहे, असे आपल्यात अधूनमधून कोणी म्हणत असतो. त्याने इब्ने कसीर यांची ती पाने जरूर वाचावीत. अलंकार परत आल्याची आठवण मात्र त्या बनावट रिवायतीतही टिकली आहे, आणि ते परत करणाऱ्याचे नावही जवळजवळ बरोबर आहे.

आता लुटीकडे वळू. ती एकदाच झाली नाही. बाबिलच्या राजांचा वर्षवार वृत्तांत सांगणाऱ्या मातीच्या पाट्या सापडल्या आहेत. त्यांतली एक पाटी इ. स. पू. ५९७ च्या मार्च महिन्यात नबुखद्नेस्सरने यहुदाचे शहर घेतले, आपल्या पसंतीचा राजा गादीवर बसवला आणि जबर खंडणी बाबिलला पाठवली असे सांगते. ही पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि तिचे वाचन १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे नव्या राजाने बंड केले तेव्हा शहर पुन्हा वेढले गेले, आणि इ. स. पू. ५८७-८६ मध्ये प्रार्थनागृह जाळले गेले. या दुसऱ्या वेळी दारापुढचे पितळेचे दोन प्रचंड खांब आणि पाण्याचा विशाल हौद सैनिकांनी फोडला आणि धातू म्हणून वाहून नेला. त्या पितळेचे वजनच झाले नाही इतके ते होते, असे यहुदी ग्रंथ म्हणतो.

खुद्द ग्रंथांतही सगळे एकमुखी नाही. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात पहिल्याच लुटीच्या वेळी सुलेमानांच्या काळची सोन्याची भांडी तोडून टाकल्याचे म्हटले आहे. मग एज्राच्या यादीतली सोन्याची तबके कुठली? काही तोडली, काही राखली असे असेल. लहान भांडी बाबिलला आख्खी पोचली, एवढे धरून चालायला हरकत नाही.

ती आख्खी का ठेवली, हे समजण्यासाठी त्या काळचा रिवाज पाहिला पाहिजे. जिंकलेल्या शहराचा देव, म्हणजे त्याची मूर्ती, उचलून आपल्या देवाच्या मंदिरात आणून ठेवायची, ही इराकच्या भूमीतली फार जुनी पद्धत होती. मूर्ती सहसा फोडत नसत. ती ओलीस असे. बाबिलच्या मर्दुक देवालाही हे भोग चुकले नव्हते. एलामच्या लोकांनी त्याची मूर्ती नेली होती. ती परत आणणारा राजा इ. स. पूर्वीच्या बाराव्या शतकातला, आणि त्याचेही नाव नबुखद्नेस्सर, म्हणजे आपल्या नबुखद्नेस्सरच्या नावाचा पहिला. परतलेली मूर्ती म्हणजे देवाचा राग शमला, शहराचे दिवस पालटले, असे लोक मानत.

जेरुसलेमच्या प्रार्थनागृहात मूर्ती नव्हती. सैनिक आत शिरले तेव्हा ओलीस न्यावा असा देव त्यांना सापडला नाही. होते ते अहदनाम्याची पेटी, दिवे, तबके, कटोरे, धूपपात्रे. म्हणून भांड्यांवर मूर्तीची वेळ आली. ती बाबिलच्या मंदिरात ठेवली गेली. तिथे गेलेल्या मालाची नोंद किती बारकाईने होई याचा एक पुरावा २००७ मध्ये पुढे आला. ब्रिटिश म्युझियममधली बोटभर लांबीची एक पाटी वाचताना व्हिएन्नाचे अभ्यासक मिखाएल युर्सा यांना नबुखद्नेस्सरच्या एका बड्या अधिकाऱ्याने एसागिला मंदिराला दीड मिना सोने पोचते केल्याची नोंद आढळली. साल इ. स. पू. ५९५. त्या अधिकाऱ्याचे नाव यिर्मयाच्या पुस्तकात जेरुसलेम पडल्याच्या प्रसंगी येते. पाऊण किलो सोन्याची ही साधी पोच पावती आहे. जिथे अशा पावत्या होत्या, तिथे साठ वर्षांनी भांडी मोजून काढून देता आली यात आश्चर्य वाटायला नको.

पेटीचे मात्र काय झाले? कुरआनात सूरह बकरामध्ये ज्या ताबूतचा उल्लेख आहे, ज्यात सकीनत आणि हजरत मूसा व हारून यांच्या घराण्यांच्या अवशेषांची बात आहे, तीच ही पेटी. राजांच्या पुस्तकातील लुटीच्या याद्यांत ती नाही, परतीच्या यादीतही नाही. नव्या प्रार्थनागृहाचा आतला कक्ष रिकामाच राहिला. सगळ्यांत मोलाची वस्तू हरवली आणि सुऱ्या २९ परत आल्या.

पहिल्या आणि दुसऱ्या लुटीच्या मधल्या काळात जेरुसलेममध्ये या भांड्यांवरून एक वाद झाला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला तो सर्वांत बोलका प्रसंग आहे. इ. स. पू. ५९४-९३ चे साल. हनन्या नावाच्या एका संदेष्ट्याने भर प्रार्थनागृहात, पुरोहितांसमोर जाहीर केले की दोन वर्षांच्या आत सगळी भांडी परत येतील आणि बाबिलचे जू मोडेल. समोर यिर्मया उभे होते. ते मानेवर लाकडी जू घेऊन शहरात वावरत, म्हणजे लोकांना परिस्थिती डोळ्यांनी दिसावी. यिर्मया म्हणाले, तसे झाले तर आमीन, पण तसे होणार नाही. उरलेली भांडीही जातील आणि नियत दिवस येईपर्यंत तिकडेच राहतील. हनन्याने चिडून त्यांच्या मानेवरचे जू ओढून मोडले. लोकांना अर्थातच हनन्या आवडत असणार. हरलेल्या समाजाला दोन वर्षांचा वायदा करणारा माणूस हवा असतो. बाबिलशी लढू नका, तिथे गेलेल्यांनी घरे बांधावीत, बागा लावाव्यात, त्या शहराचे भले चिंतावे, असे सांगणारे यिर्मया देशद्रोही ठरले आणि पुढे त्यांना चिखलाने भरलेल्या टाक्यात उतरवण्यात आले. भांडी परत यायला दोन नव्हे, जवळजवळ साठ वर्षे लागली. हनन्या त्याच वर्षी मरण पावला.

दानीएलच्या पुस्तकातली मेजवानीची कथा अनेकांनी ऐकली असेल. बेलशस्सर राजा ही पवित्र भांडी मागवून त्यांतून दारू पितो, भिंतीवर एक हात अक्षरे लिहितो आणि त्याच रात्री राज्य जाते. ही कथा फार नंतर, बहुधा इ. स. पूर्वीच्या दुसऱ्या शतकात, आजच्या रूपात आली. तिच्यात बेलशस्सर नबुखद्नेस्सरचा मुलगा आहे. पाट्यांवरून दिसते ते असे की तो नबोनिदसचा मुलगा होता आणि बाप परदेशी असताना राज्य सांभाळत होता. पण त्या गूढ अक्षरांत मिना आणि शेकेल ही वजनांची नावे आहेत, हे विसरता येत नाही. जकातीच्या हिशेबात आपण ज्याला मिस्काल म्हणतो तो आणि हा शेकेल एकाच धातूपासून निघाले आहेत. मोजलेल्या भांड्यांचा अपमान करणाऱ्याला वजनाच्याच भाषेत निकाल ऐकवला जातो.

बाप परदेशी होता म्हणजे कुठे? अरबस्तानात. नबोनिदस सुमारे दहा वर्षे तैमा येथे राहिला. त्याच्या शिलालेखात फदक, खैबर आणि यसरिब ही नावे येतात, पैगंबरसाहेबांच्या जन्माच्या हजार वर्षांहून आधी! यसरिब म्हणजे पुढचे मदीना. हा लेख कोरलेल्या शिळा १९५६ मध्ये हर्रानच्या जुन्या जामा मशिदीच्या अवशेषांत मिळाल्या. कोणीतरी त्या उलट्या घालून फरसबंदीला वापरल्या होत्या. म्हणूनच त्यांवरची अक्षरे वाचली.

हाच नबोनिदस परत आल्यावर, इराणी फौज जवळ येत असताना, आसपासच्या शहरांतल्या देवांच्या मूर्ती बाबिलला आणून ठेवू लागला. त्यामुळे त्या शहरांचे पुरोहित दुखावले असतील. इ. स. पू. ५३९ च्या ऑक्टोबरात कुरुशची फौज बाबिलमध्ये शिरली. वृत्तांताच्या पाटीनुसार त्या वेळी लढाई झाली नाही. त्यानंतरच्या काही महिन्यांत ते देव आपापल्या गावी रवाना झाले. कुरुशने मातीच्या नळकांडीवर आपला जाहीरनामा लिहवून घेतला, तो मोसुलमध्ये जन्मलेले होर्मुझ्द रस्साम यांच्या उत्खननात १८७९ मध्ये बाबिलच्या अवशेषांत सापडला. जेमतेम वीतभर लांबीची ती वस्तू. २०१३ च्या डिसेंबरपासून पुढचे काही आठवडे ती मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मांडली होती आणि पारशी बांधवांनी ती पाहायला गर्दी केली होती.

या जाहीरनाम्याबद्दल बरेच वाढवून बोलले जाते. इराणच्या शहाने १९७१ मध्ये त्याला जगातली पहिली मानवी हक्कांची सनद ठरवले आणि संयुक्त राष्ट्रसंघाला प्रतिकृती भेट दिली. प्रत्यक्षात त्यात मानवी हक्क नाहीत. मर्दुक देवाने आपल्याला निवडले असे कुरुश सांगतो आणि देवांना त्यांच्या घरी पाठवल्याचे श्रेय घेतो. अश्शूर, सूसा, अक्काद, एश्नुन्ना ही नावे येतात. जेरुसलेमचे नाव कुठेही नाही. यहुद्यांना वाटले की त्यांच्या देवाने कुरुशला निवडले, बाबिलच्या पुरोहितांना वाटले की मर्दुकने. कुरुशने दोघांनाही तसे वाटू दिले, हे त्याचे राजकारण. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी 'तर्जुमानुल कुरआन'मध्ये जुल्करनैन म्हणजेच कुरुश, असे मत विस्ताराने मांडले. ते सर्वांना पटलेले नाही. मला ते मोहक वाटते, पण जाहीरनाम्यातली मर्दुकची स्तुती वाचली की हात आखडतो. हा मोमिन बादशहा नव्हे. दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याच्या घरी पोचवण्यात आपलाच फायदा आहे, एवढे कळलेला तो शहाणा विजेता होता. असे विजेतेही इतिहासात फार झालेले नाहीत.

इतरांना मूर्ती परत मिळाल्या, यहुद्यांना भांडी. शेशबस्सर ती घेऊन निघाला आणि त्याने नव्या इमारतीचा पाया घातला, असे ग्रंथ एकदा सांगतो. मग तो कथेतून नाहीसाच होतो. त्याच्याबरोबर सगळे परतले असेही नाही. बाबिलच्या मुलखात 'यहुद्यांचे गाव' या अर्थाच्या नावाची एक वस्ती होती. तिथल्या व्यवहारांच्या पाट्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. जमीन कसणारे, कर भरणारे, उसनवारी करणारे यहुदी त्यांत कुरुशच्या नंतरही कित्येक वर्षे दिसतात. यिर्मयांनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी घरे बांधली, बागा लावल्या, आणि मग ती सोडवेनात. जे परतले त्यांनी पाया घातला तेव्हा तरुण आनंदाने ओरडत होते आणि जुने घर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडत होते. कोणता आवाज कशाचा, हे ओळखू येत नव्हते.

काम रखडले. पुढे इ. स. पू. ५२० च्या सुमारास शेजारच्या अधिकाऱ्यांनी विचारले, बांधकामाची परवानगी कोणाची? तेव्हा यहुद्यांनी कुरुशच्या हुकुमाचा आणि भांड्यांचा हवाला दिला. दारा बादशहाने दप्तर तपासायला लावले. बाबिलमध्ये कागद मिळाला नाही, तो एकबताना येथे, म्हणजे आजच्या हमदानला, मिळाला. त्यात इमारतीच्या मापांबरोबर भांडी परत करण्याचे कलम होते. ताब्यात असलेली वस्तू आणि सरकारी दप्तरातली नोंद एकमेकींना जुळल्या आणि इ. स. पू. ५१५ मध्ये प्रार्थनागृह पुरे झाले. शेशबस्सरने मोजून घेतलेले सामान असे वीस वर्षांनी उपयोगी पडले.

एज्रा स्वतः, ज्यांना आपल्याकडे बहुतेक जण हजरत उजैर मानतात, बरेच नंतर आले. परंपरेने इ. स. पू. ४५८ हे साल धरतात. उजाड वस्तीवरून जाताना शंभर वर्षे मृत राहून पुन्हा उठलेल्या माणसाची हकिगत सूरह बकरामध्ये आहे. तिथेही नाव नाही. कोणी मुफस्सिर उजैर म्हणतात, कोणी यिर्मया. एज्रांच्या पुस्तकात त्यांच्या प्रवासाचे वर्णन आहे. बादशहाने दिलेली चांदी, सोने आणि आणखी भांडी बरोबर होती, तांब्याची दोन पात्रे तर सोन्याच्या मोलाची. वाटेत लुटारूंचे भय. पण आमचा देव रक्षण करतो असे दरबारात बोलून बसल्यामुळे स्वार मागायची एज्रांना लाज वाटली! मग अहवा नदीकाठी सर्वांनी रोजे धरले. बारा पुरोहित निवडून एज्रांनी त्यांच्या हाती सगळा माल तोलून दिला आणि पोचेपर्यंत जपायला सांगितले. आपण यालाच अमानत म्हणतो. जेरुसलेमला पोचल्यावर तीन दिवस मुक्काम झाला. चौथ्या दिवशी सगळे पुन्हा तोलले आणि वजन लिहून ठेवले. या वेळी हिशेब जुळला.

पुढची हकिगत लुटींचीच आहे. इ. स. पू. १६९ मध्ये अंतियोखस राजाने प्रार्थनागृह लुटले. त्याच्याच जुलमाच्या सुमारास पळालेल्यांपैकी आपले पूर्वज, असा तर्क हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या कोकणातल्या बेने इस्राईल समाजाबद्दल मांडला होता. नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या जहाजातून वाचलेल्यांच्या त्यांच्या परंपरेत एकही पात्र नाही. सगळे सामान समुद्रात गेले आणि शब्बाथ, सुंता आणि एक प्रार्थना तेवढी राहिली.

जेरुसलेममध्ये नंतर घडवलेली भांडी इ. स. ७० मध्ये तितूसने रोमला नेली. त्यांतली सात फांद्यांची दीपमाळ रोमच्या कमानीवर आजही कोरलेली दिसते. तबरींकडच्या त्या बनावट रिवायतीने हे अलंकार रोममध्येच ठेवले आहेत आणि इमाम महदी ते १,७०० जहाजांतून याफाला आणतील असे सांगितले आहे. इतिहासातली वाट वेगळी आहे. इ. स. ४५५ मध्ये वांडाल टोळ्यांनी रोम लुटले आणि कार्थेज येथे खजिना नेला. ५३४ मध्ये तो कॉन्स्टँटिनोपलच्या मिरवणुकीत दिसला. तेव्हा एका यहुद्याने बादशहाच्या माणसाला बजावले की ही भांडी ज्यांच्या घरी गेली त्यांची राज्ये बुडाली. प्रोकोपियस लिहितो की जस्टिनियन घाबरला आणि त्याने ती घाईने जेरुसलेमच्या ख्रिस्ती उपासनास्थळांकडे पाठवून दिली. किती भांडी होती, कोणी मोजून दिली, कोणी मोजून घेतली, हे प्रोकोपियस सांगत नाही.